रस्ता कुठून जाणार, हे कधी ठरतं?

(सामुदायिक रेडिओवरून झालेलं भाषण)

आम्ही मिरजगावच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. आज काय बोलायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवलंय, म्हणून सारखं ‘आम्ही, आम्ही’ ऐकू येईल. माइकपुढं आवाज एकीचा आहे, पण बाकीच्या मागं बसल्यात आणि काही राहिलं की लगेच खुणावतात.

आजचा विषय आहे शहराची वाहतूक आणि जमिनीचा वापर यांचं पुढच्या वीस वर्षांचं नियोजन. नाव ऐकूनच कुणीतरी रेडिओ बंद करायला उठली असेल. थांबा जरा. हे काम शहरातल्या कचेरीत चालतं हे खरं, पण त्या कागदावरची रेघ येऊन पडते आपल्याच वावरात. आणि ती पडते तेव्हा आपल्याला कळतं ते सगळ्यात शेवटी. आधी कळतं नवऱ्याला, मग दिराला, मग चहाच्या टपरीवर, आणि मग आपल्याला. तेही भाकरी वाढताना.

मिरजगाव कर्जत तालुक्यात, नगर-सोलापूर रस्त्यावर. जिल्ह्याचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं, पण तोंडातून अजून ‘नगरला चाललोय’ असंच येतं, तर आज तसंच बोलू. आमच्या गावाला जी काही बाजारपेठ आली ती या रस्त्यामुळं आली. नगरकडून करमाळ्याकडं जाणारी गाडी इथं थांबायची, माणसं उतरायची, चहा प्यायची, बी-बियाणं घ्यायची. जिथं गाडी थांबते तिथं दुकान होतं, दुकान झालं की शेजारच्या जमिनीचा भाव चढतो, आणि भाव चढला की शेत मोडून गाळे उभे राहतात. कुणी नकाशा काढलेला नसतो, तरी हे होतं. वाहतूक आणि जमिनीचा वापर ही एकाच कापडाची दोन टोकं आहेत, ती अशी. एक ओढलं की दुसरं सरकतं. नियोजन म्हणजे हे ओढणं डोळे उघडे ठेवून करायचं, एवढंच.

आपल्या भागाला वाहनाचा इतिहास काही लहान नाही. महाराष्ट्रात एसटीची पहिली गाडी धावली १ जून १९४८ ला, आणि ती धावली पुण्याहून नगरला. आपल्याकडच्या आज्या तेव्हा पोरी होत्या. त्या एसटीनं बाईला माहेर जवळ केलं, दवाखाना जवळ केला, आणि पुढं कॉलेजही. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, त्याचा फायदा तुम्ही-आम्ही सगळ्याच घेतोय. पण अर्ध्या तिकिटाचा उपयोग कधी? गाडी गावात थांबली तर. रस्ता मोठा झाला, गावाबाहेरून वळसा काढला, नाहीतर वरून पूल गेला, की लांब पल्ल्याच्या गाड्या वरच्या वर निघून जातात. ज्या गावांना बायपास झाले तिथल्या बायकांना विचारून बघा. पुरुष मोटारसायकल काढून फाट्यावर जातो. बाई पिशवी आणि पोर घेऊन तेवढंच अंतर चालत जाते, आणि संध्याकाळी परत येताना अंधारातून चालते. नगरला शिकणाऱ्या पोरीचं शिक्षण कधी कधी याच दोन किलोमीटरांवर सुटतं. घरचे फीचं कारण सांगतात, पण खरं कारण फाट्यावरचा अंधार असतो.

तर हे सगळं ठरतं कुठं आणि कधी?

आपल्या राज्यात यासाठी कायदा आहे तो १९६६ सालचा, महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम. त्यामागं एक गोष्ट आहे, आणि ती आपल्या जिल्ह्याला लागून आहे. मुंबई फार फुगली म्हणून १९६५ साली सरकारनं एक समिती नेमली. मुंबई-पनवेल आणि पुणे या भागांचं नियोजन कसं करावं हे तिनं सांगायचं होतं. तिचे अध्यक्ष होते धनंजयराव गाडगीळ. हे तेच गाडगीळ, जे विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्यात होते, त्याचे पहिले अध्यक्ष. लोणीच्या माळावर शेतकऱ्यांचा कारखाना उभा करणाऱ्या माणसानं मुंबईच्या वाढीचा विचार केला, आणि त्यांनी मांडलेल्या दिशेवरून पुढं हा कायदा आला. कायद्यात दोन मोठे नकाशे सांगितलेत. एक प्रादेशिक योजना, म्हणजे अनेक गावं-शहरं मिळून एका मोठ्या भागाची. दुसरा विकास आराखडा, म्हणजे शहराचा.

आराखड्याच्या नकाशात जमिनीला रंग असतात. पिवळा म्हणजे राहायची घरं, निळा म्हणजे व्यापार, जांभळा म्हणजे कारखाने, हिरवा म्हणजे शेती. शाळा, दवाखाना, बाजार, बाग यांच्यासाठी राखून ठेवलेल्या जागेला आरक्षण म्हणतात. आणि या सगळ्यातून जाड रेघा जातात, ते पुढं होणारे रस्ते. तुमचं शेत पिवळ्यात पडलं की भाव आला. हिरव्यात पडलं की शेतच राहिलं. आणि जाड रेघेखाली पडलं तर त्यावर ना घर बांधता येतं ना चांगल्या भावानं विकता येतं, रस्ता मात्र पंधरा वर्षं होत नाही. आरक्षणात जमीन अडकली आणि आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत ती घेतली गेली नाही, तर मालक नोटीस देऊन ती सोडवून मागू शकतो, अशी सोय याच कायद्याच्या १२७ व्या कलमात आहे. नोटीस मात्र मालकानं द्यायची. मालक कोण, हे पुढं बोलूच.

हा आराखडा पक्का होण्याआधी त्याचा मसुदा लोकांपुढं ठेवावा लागतो. पेपरात आणि राजपत्रात सूचना येते, ‘हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत’. मुदत त्या सूचनेत लिहिलेली असते. या मुदतीत लेखी दिलेल्या हरकतीची सुनावणी घ्यावी लागते. पुण्याभोवतीच्या आठशेहून जास्त गावांचा आराखडा पीएमआरडीएनं २०२१ साली लोकांपुढं ठेवला, तेव्हा साठ हजारांहून जास्त हरकती आल्या. शेतकरी हातात गट नंबरांचे कागद घेऊन रांगेत उभे होते. पुढं तो आराखडा सरकारनं रद्दच केला. त्यामागं कोर्टबाजी होती, राजकारणही होतं, आम्ही नाही म्हणत नाही. पण साठ हजार कागद नुसते कपाटात पडले नाहीत, हेही खरं. आता त्या साठ हजारांत बायकांच्या नावाचे किती असतील, याचा अंदाज ज्यानं त्यानं आपल्या घरावरून करावा.

आता एक पूर्ण गोष्ट ऐका, नवी मुंबईची. आपल्यातल्या पुष्कळ जणींचा कांदा वाशीला जातो, म्हणून ती गोष्ट आपलीच आहे.

१९६५ च्या सुमारास मुंबईच्या तीन माणसांनी एक कल्पना मांडली. चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता. दोघं पुरुष आणि एक बाई. कोरिया आणि मेहता वास्तुरचनाकार, पटेल इंजिनिअर. त्यांचं म्हणणं असं, की मुंबई दक्षिणोत्तर लांबच लांब वाढते आहे, सगळ्या नोकऱ्या एका टोकाला आणि घरं दुसऱ्या टोकाला, म्हणून रोज सकाळी सगळं शहर एकाच दिशेला धावतं. यावर नुसत्या गाड्या वाढवून उपाय नाही. खाडीच्या पलीकडं नवं शहर करा, तिथं नोकऱ्याही न्या. बघा, वाहतुकीच्या दुखण्यावर त्यांनी औषध सांगितलं ते जमिनीच्या वापराचं. प्रवीणा मेहतांचं नाव या गोष्टीत बहुतेक वेळा तिसरं येतं आणि पुष्कळदा येतच नाही, म्हणून आम्ही ते मुद्दाम घेतलं.

सरकारनं कल्पना उचलली. १७ मार्च १९७० ला सिडको ही कंपनी झाली. ठाणे, पनवेल, उरण या भागातली ९५ गावं आणि ३४४ चौरस किलोमीटर जमीन यात आली. शहराची आखणी खरोखर चांगली होती. एकच मोठं गाव करायचं नाही. वाशी, नेरूळ, बेलापूर अशी वेगवेगळी उपनगरं माळेतल्या मण्यांसारखी रेल्वेच्या दोऱ्यात ओवायची, आणि प्रत्येकात शाळा, बाजार, दवाखाना चालत जाण्याच्या अंतरावर. बाईच्या दृष्टीनं हे फार मोलाचं आहे. मुंबईतला कांदा-बटाट्याचा आणि धान्याचा घाऊक बाजारही दाटीतून काढून इकडं वाशी-तुर्भ्याला आणला. बाजार हलला म्हणून ट्रक हलले, हमाल हलले, त्यांची घरं हलली. आपल्या जिल्ह्यातला कांदा कोणत्या रस्त्यानं मुंबईला जाणार, हेही त्यानं बदललं.

पण दोऱ्याचं काय झालं? खाडीवरचा पूल १९७३ ला झाला, आणि मानखुर्दहून वाशीला लोकल पोचली १९९२ ला. मधली जवळजवळ वीस वर्षं घरं होती आणि रेल्वे नव्हती. स्वस्त घर मिळालं म्हणून गेलेलं कुटुंब बसच्या रांगेत उभं राहिलं. रेल्वे शेवटी आली ती कशी, तर खर्चाचा दोन तृतीयांश भाग सिडकोनं उचलला. हा पैसा कुठून, तर रेल्वे आल्यावर ज्या जमिनीला भाव येणार होता तीच जमीन विकून. रस्ता, रेल्वे, पाणी आलं की जमिनीचा भाव वाढतो. ही वाढ कुणाच्या खिशात जायची? नवी मुंबईत ती शहराच्या कामाला वापरली गेली, आणि कागदावर तरी ते योग्यच दिसतं.

कागदाच्या खाली मात्र गावं होती. आगरी-कोळ्यांची भातशेती, मिठागरं, खाडीतली मासळी. त्यांच्याकडून जमीन घेतली ती शेतीच्या भावानं, आणि विकली शहराच्या भावानं. दि. बा. पाटलांच्या पुढाकारात लोक रस्त्यावर आले, बायाही होत्या. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासईच्या भागात पोलिसांचा गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले. त्यानंतर मागणी पुढं रेटत रेटत साडेबारा टक्क्यांची योजना पदरात पडली. म्हणजे जेवढी जमीन घेतली तिच्या साडेबारा टक्के जमीन, रस्ते-गटारं झालेली विकसित जमीन, मूळ मालकाला परत. आज राज्यात कुठंही मोठ्या प्रकल्पाला जमीन जाते तिथं ‘विकसित जमिनीत वाटा द्या’ असं लोक म्हणतात, त्याचं मूळ इथं आहे.

आणि इथंच आमच्या गटात बराच वेळ वाद झाला. एकजण म्हणाली, पाच जीव जाऊन का होईना, न्याय मिळाला. दुसरी म्हणाली, मिळाला कुणाला? भाताची लावणी बाई करायची, मिठागरावर बाई राबायची, मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बाजारात बाई बसायची. तिच्या हातात रोजचा पैसा होता. जमीन गेली तसा तो पैसा गेला. मोबदला आणि भूखंड आला तो ज्याचं नाव उताऱ्यावर होतं त्याच्याकडं. आम्हाला दुसरीचं म्हणणं जास्त पटलं. जमिनीवर राबणारी आणि जमिनीचा मालक यांतला फरक, जमीन असेपर्यंत झाकलेला असतो. ती गेली की उघडा पडतो.

वेगळी वाटही निघू शकते, हे हडपसरच्या मगरपट्ट्यात दिसलं. पुण्याचा आराखडा सरकत सरकत त्यांच्या उसाच्या शेतांपर्यंत आला. आज ना उद्या बिल्डर येणार, तुकड्या-तुकड्यानं जमीन जाणार, हे त्यांनी ओळखलं. सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबांनी आपली चारशे एकरांच्या आसपास जमीन एकत्र केली आणि कंपनी काढली. ज्याची जेवढी जमीन तेवढा त्याचा हिस्सा, आणि शहर स्वतःच आखलं. जमीन विकली नाही, मालकी वेगळ्या रूपात ठेवली. हे सगळीकडं जमेल असं समजू नका. तिथं बहुतेक सगळे एकाच भावकीतले होते, पुढारपण करणारा घरातलाच शिकलेला होता, आणि जमीन पुण्याच्या अगदी तोंडाशी होती. आमच्या गावात दोन भावांची बांधावरून बोलाचाली बंद आहे, तिथं सव्वाशे घरं एकत्र कशी आणायची! पण आराखडा येतोय हे दहा वर्षं आधी कळलं तर काय करता येतं, एवढं त्यातून दिसतं.

आपल्या जिल्ह्यात आणि शेजारी काय चाललंय तेही बघू. कोपरगाव तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला. ७०१ किलोमीटरचा रस्ता, नागपूर ते शिर्डी ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला मुंबईच्या दारापर्यंत पूर्ण झाला. वेगाचा रस्ता आहे, ठरावीक ठिकाणीच वर चढता-उतरता येतं, दुचाकीला बंदी. म्हणजे ज्याच्या शिवारातून तो गेला त्याला त्यावर पाय ठेवता येत नाही. पलीकडच्या वावरात जायला खालून भुयारी मार्ग शोधायचा. असा रस्ता देशाला लागत असेल, आम्ही त्याच्या विरोधात नाही. पण भुयारी मार्ग कुठं ठेवायचे हे रेघ मारतानाच ठरतं, नंतर नाही. चाऱ्याचा भारा डोक्यावर घेऊन दीड किलोमीटर जास्त चालायचं की नाही, हे त्या एका ठिपक्यावर आहे. तो ठिपका ठेवताना भारा वाहणारीला कुणी विचारलं तर ती बरोबर जागा दाखवेल.

दुसरीकडं रेल्वे. नगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग. कित्येक निवडणुका या रेल्वेवर झाल्या. नगर ते आष्टी गाडी २३ सप्टेंबर २०२२ ला सुरू झाली, आणि बीडला पोचली १७ सप्टेंबर २०२५ ला. आष्टी-कडा आपल्याला परके नाहीत, सोयरीक आहे. आता बघायचं ते हे, की स्टेशनाभोवती काय उगवतं. स्टेशन गावापासून लांब आणि मधे रिक्षा नाही, दिवा नाही, तर बाई त्या गाडीत बसणार नाही. स्टेशनापासच्या जमिनी मात्र गाडी येण्याआधीच विकल्या जातात. हा भाग पहिल्यांदा व्यवस्थित आखायची वेळ हीच आहे, गाडी नवी आहे तोवर.

बाहेरच्या देशातला एकच दाखला देतो. ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना. तिथं १९९९ साली लोकांना विचारलं, तुम्ही रोज कसे आणि कुठं जाता? पुरुषांनी पाच मिनिटांत उत्तर लिहिलं, सकाळी कामावर, संध्याकाळी घरी. बायका लिहीतच राहिल्या. पोराला शाळेत, सासूला दवाखान्यात, मग काम, मग बाजार, मग परत शाळा. तिथल्या नगररचनेत काम करणाऱ्या बायकांनी ते मनावर घेतलं. एका भागात पायी चालायच्या वाटा रुंद केल्या, जिथं अंधार होता तिथं दिवे लावले, बाबागाडी चढेल असे उतार केले. फार खर्चाचं काम नव्हतं ते.

हे वाचून आम्हीही करून बघितलं. एका दुपारी शाळेच्या ओट्यापुढं रांगोळीनं गाव काढलं. पांढऱ्या रांगोळीनं मोठा रस्ता, लाल रंगानं आपण रोज चालतो त्या वाटा. अंगणवाडी, गिरणी, रेशनचं दुकान, बँक, दवाखाना, स्टँड, वावर. पुरुषांच्या वाटा निळ्या रंगानं काढा म्हटलं, तर दोन-तीन सरळ रेघांत काम संपलं. लाल रंग मात्र पुरेना, जाळंच झालं! आणि एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली. लाल वाटा मोठ्या रस्त्याला जिथं जिथं आडव्या जातात तिथं ओलांडायला सोय आहे का, याचा विचार करायला कुणी लाल वाटा कधी बघितल्याच नव्हत्या. मोठा रस्ता मोजायला माणसं येतात तेव्हा ती रस्त्यावरच्या गाड्या मोजतात. रस्ता ओलांडणाऱ्या बाया त्यात येत नाहीत. हा रांगोळीचा नकाशा आम्ही मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवला आणि कागदावर उतरवला. तुमच्या गटात करून बघा, एका दुपारचं काम आहे.

आता कामाचं बोलू, थोडं कान देऊन ऐका.

राष्ट्रीय महामार्गाला जमीन घ्यायची असते तेव्हा १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्यानं घेतात. त्यात ‘३ ए’ची अधिसूचना निघते, म्हणजे ‘ही जमीन घ्यायचा विचार आहे’. ती दोन पेपरांत छापावी लागते, त्यातला एक इथल्या भाषेतला. राजपत्रात निघाल्यापासून २१ दिवसांत हरकत द्यायची, लेखी, ज्या अधिकाऱ्याचं नाव त्यात दिलेलं असतं त्याच्याकडं. बहुतेक वेळा तो महसूल खात्याचा, प्रांताच्या दर्जाचा असतो. २१ दिवस म्हणजे किती, तर एक बाळंतपण उरकायच्या आत संपतात. त्यानंतर ‘३ डी’ निघाली की जमीन सरकारची झाली, मग भांडण फक्त पैशाचं. पैसा ठरवताना परत पेपरात नोटीस येते, की यात ज्यांचा ज्यांचा हक्क आहे त्यांनी दावा सांगावा. बहिणीनं, विधवा सुनेनं, जिचा हिस्सा आहे पण नाव नाही तिनं, इथं दावा सांगायचा. वाटपावर वाद आहे असं लेखी आलं तर तो वाद दिवाणी न्यायालयात पाठवायची तरतूद त्याच कायद्यात आहे. पैसे एकदा खात्यात जमा होऊन ट्रॅक्टर दारात आला, की मग भाऊबीज आठवून काही होत नाही.

नाव लावायचं काम मात्र रस्ता येण्याआधीचं आहे. मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका हक्क महाराष्ट्रानं १९९४ ला दिला, देशात २००५ ला झाला. बायकोचं नाव उताऱ्यावर लावण्यासाठी शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली. शरद जोशींनी हाक दिली आणि कित्येक गावांत शेतकऱ्यांनी आपणहून जमिनीचा तुकडा घरधनिणीच्या नावानं केला. १९९२ ला सरकारनंही नवऱ्याच्या अर्जावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायचा निर्णय काढला. नवऱ्याच्या हयातीत त्याची संमती लागते, हे ध्यानात ठेवा. म्हणजे बोलणं घरात करायचंय, तलाठ्याकडं नंतर. आमच्यातल्या एकीनं हे बोलणं मालकांचं पोट भरल्यावर काढलं आणि तिचं काम झालं. दुसरीच्या घरी दोन महिने अबोला धरलाय, अजून चालू आहे.

आणि गावातच दुसरं ठिकाण आहे. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची, हे कायद्यात लिहिलंय. २०१५-१६ पासून ‘आमचं गाव आमचा विकास’मध्ये ग्रामपंचायतीचा आराखडा करतात. पुष्कळ ठिकाणी महिला सभा रजिस्टरवरच होते, सही घरी येते आणि आपण ती करतो. तिथं बसून मागायचं काय? ‘विकास करा’ असं मोघम लिहिलं तर त्याचं कुणी काही करत नाही. असं लिहा, की अमुक ठिकाणी रस्ता ओलांडायला भुयारी मार्ग पाहिजे, अमुक फाट्यापासून गावापर्यंत दिवे पाहिजेत, लांब पल्ल्याच्या गाड्या सर्व्हिस रोडनं स्टँडवर आल्या पाहिजेत, पाणंद रस्ता नकाशावर आहे तो मोकळा करा. जागा, अंतर, गट नंबर घालून. त्याची एक प्रत आपल्याजवळ, पोच घेतलेली.

गावाभोवती गाळे आणि प्लॉट पडायला लागलेत, त्याबद्दलही. शेतजमिनीचे गुंठे पाडून विकतात, रस्ता तोंडी सांगतात, नकाशा मंजूर नसतो. शहरात मजुरी करून साठवलेला पैसा आपली माणसं यात घालतात आणि पुढं नळ मिळत नाही, गाडी दारात येत नाही. प्लॉट घेण्याआधी ती जमीन बिगरशेती झाली आहे का, रेखांकन मंजूर आहे का आणि त्या भागाला प्रादेशिक योजना लागू असेल तर तिच्यात कोणता रंग आहे, हे नगररचना खात्याच्या जिल्ह्यातल्या शाखेत विचारता येतं. विचारायला पैसे पडत नाहीत. अडलं तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज.

डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत मोबाइलवर निघतो. गटातल्या एखाद्या शिकणाऱ्या पोरीला सांगा. पुढच्या बैठकीला हप्त्याच्या वहीबरोबर प्रत्येकीनं आपल्या घरचा उतारा आणायचा, असं आम्ही आमच्या गटात ठरवलंय. मग एकेक उतारा मोठ्यानं वाचायचा, गट नंबर, क्षेत्र, भोगवटादाराचं नाव. कुणाचं नाव कुठं आहे आणि कुठं नाही, ते तिथंच कळेल. दोघीजणींनी आधीच आणलेत. एकीच्या उताऱ्यावर सासऱ्यांचंच नाव आहे, त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. वारसाची नोंद अजून व्हायचीय, तिचा अर्ज आम्ही उद्या सकाळी लिहायला बसणार आहोत.